पोटातला आकडा

मी गोड बोलणारा माणूस नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर तक्रार नको. संपादकांनी फोनवर "तुमच्या धंद्यातले काही गोड अनुभव लिहा" असं म्हटलं, तेव्हा मी त्यांना सरळ सांगितलं, की गोड हवं असेल तर बाळापूरला गफ्फारभाईंना फोन करा. ते म्हणाले, "त्यांनाच केला होता. त्यांनी तुमचं नाव सुचवलं."

हे असं आहे. अठ्ठावीस वर्षं आम्ही दोघांनी भागीदारीत संत्र्याच्या आणि लिंबाच्या बागा घेतल्या. मी अमरावतीचा, गफ्फारभाई बाळापूरचे. उन्हात पाय माझे भाजले, अंदाज माझा बरोबर आला, आणि नाव झालं त्यांचं. आता लेखसुद्धा माझ्याकडे त्यांच्या शिफारशीनं येतो. तरी लिहायला बसलो, कारण या अठ्ठावीस वर्षांनंतर सहा महिने असे आले की आम्ही एकमेकांशी एक अक्षर बोललो नाही. ज्या चुकीनं हे झालं ती माझ्या धंद्यातल्याच माणसाच्या हातून होऊ शकते, म्हणून आधी धंदा सांगतो.

संत्रं बाजारात येतं त्याच्या कितीतरी आधी ते झाडावर विकलेलं असतं. फळ हिरवं आणि छोटं असतानाच व्यापारी बागेत जातो, ओळीओळीतून फिरतो, सगळ्या बागेत मिळून किती फळ आहे याचा अंदाज करतो आणि उभी बाग घेतो. पुढे तोडणी, गाडी, बाजार, सगळं त्याच्या अंगावर. तिथे काटा नसतो, फक्त नजर असते. झाडाभोवती एक चक्कर मारायची, मनातल्या मनात झाडाचे चार भाग करायचे, एका भागातली फळं मोजायची, चौपट करायची आणि पानांआड लपलेल्यांसाठी थोडी वर धरायची. अशी दहा-बारा झाडं पाहिली की बाग कळते.

मनात निघालेला हा आकडा कुणाला सांगायचा नसतो. तो पोटातला आकडा. बागवाल्याला सांगायचा तो ओठावरचा, आणि तो अर्थातच कमी. बागवालाही त्याचा आकडा फुगवून सांगतो. दोघांनाही ते माहीत असतं. याला कुणी लबाडी म्हणत असेल तर त्यानं आयुष्यात कधी भाजीसुद्धा घासाघीस करून घेतलेली नाही.

पण आकडा कमी सांगायचा तर कारण लागतं. म्हणून बागेला नावं ठेवावी लागतात. फळ बारीक आहे, साल जाड आहे, ही ओळ वाळते आहे, ती ओळ गळते आहे. हे काम माझ्याकडे आलं. त्याला माझा आवाज आणि माझा राग दोन्ही कारणीभूत. माझ्या बापाची बाग नव्हती, दुकान नव्हतं. मी अमरावतीच्या बाजारात पेट्या भरण्यापासून सुरुवात केली. पेटीत तणस अंथरताना व्यापाऱ्यांची बोलणी ऐकली, आणि इतकं कळलं, की जो आधी 'छान' म्हणतो तो मेला. तेव्हापासून मी काहीही पाहिलं की आधी त्यातली खोट दिसते.

गफ्फारभाईंचं काम उलट. मी बागेत फिरून बोंबलत असायचो तेव्हा ते बागवाल्याजवळ खाटेवर बसून चहा पीत असायचे. मी तोडायचं, त्यांनी जोडायचं, असं पहिल्याच वर्षी ठरलं होतं. शेवटी मी रागानं बागेबाहेर चालू लागायचो आणि ते हळूच म्हणायचे, "त्याचं मनावर घेऊ नका, भाऊ. डोकं गरम हाये, पन नजर चांगली हाये. मी पाहतो." सौदा व्हायचा. आम्ही जीपमध्ये बसलो की दोघंही हसायचो. नाटकातल्यासारखी वाटणी होती. फक्त नाटक संपल्यावर लोक त्यांना हार घालायचे आणि मला मात्र खलनायकच समजायचे. बागायतदारांमध्ये माझं नाव 'कडू शेठ' पडलं. हे मला कुणी तोंडावर कधी सांगितलं नाही. गफ्फारभाईंनीच सांगितलं, तेही हसत.

तिवशाकडच्या एका बाईंनी मात्र तोंडावर सुनावलं होतं. कमलाबाई त्यांचं नाव. नवरा नोकरीनिमित्त बाहेर, बाग बाईच पाहायच्या. मी नेहमीप्रमाणे तिसऱ्या ओळीतच सुरू झालो, की झाडं म्हातारी दिसतात, फळात रस धरेल असं वाटत नाही. बाई कमरेला पदर खोचून मागे चालत होत्या.

"शेठ, सकाळपासून काही खाल्लं का?"

"नाही. काहून?"

"मंग आधी जेवा. उपाशी मानसाले समदंच म्हातारं दिसते."

त्यांनी खरोखरच ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा पुढे ठेवला. मी जेवलो. मग बाई म्हणाल्या, "आता पुन्हा पाहा बाग." मी पुन्हा फिरलो, आणि काय सांगू, ओठावरचा आकडा आपोआप थोडा वर गेला. गफ्फारभाई खाटेवर तोंडावर रुमाल धरून हसत होते. पुढे कितीतरी दिवस मी कुणावर चिडलो की ते विचारायचे, "वसंतभाऊ, जेवले का?"

धामणगाव रेल्वेच्या बाजूची गारपीट मात्र हसण्यासारखी नव्हती. नामदेवराव म्हणून बागायतदार होते. आमचा सौदा होऊन पंधरा दिवस झाले असतील. रिवाज असा, की सौदा झाल्यावर गार पडली तर नुकसान व्यापाऱ्याचं. मला रिवाज माहीत होता, पण डोळ्यांपुढे माझी सगळी कमाई जमिनीवर लोळत होती. मी बागेत शिरतानाच ओरडलो, "हा सौदा आता नव्यानं बोलावा लागंल."

नामदेवराव बांधावर उभे होते, हातात फावडं. त्यांनी ते ज्या रीतीनं धरलं होतं ते मला आवडलं नाही. एवढ्यात मागून गफ्फारभाई पुढे झाले.

"नामदेवभाऊ, आधी हे सांगा. घरचे सारे बरे हायेत ना? गोठ्यातले?"

नामदेवरावांनी फावडं खाली टाकलं आणि बांधावर बसले. "कालवड गेली, भाई. टिनाचा पत्रा तिच्या अंगावर पडला."

मग पाऊण तास त्या कालवडीवर बोलणं झालं. ती कोणत्या गाईची, तिच्या कपाळावर चांद कसा होता, तिला गूळ किती आवडायचा. फळाचा विषय कुणी काढला नाही. निघताना नामदेवरावच म्हणाले, "तुमचं बी नुकसान झालं, भाई. निम्मं माह्याकडे ठेवा." म्हणजे जे मी भांडून मागणार होतो ते न मागता मिळालं.

जीपमध्ये मी गफ्फारभाईंना म्हणालो, "जबरदस्त डाव टाकला तुमी."

"कौन सा डाव?"

"कालवडीचा."

त्यांनी माझ्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं. "अरे, मले काय माहीत कालवड मेली म्हणून? मैंने तो बस पूछा."

मला ते पटायला बरीच वर्षं लागली. कुणी नुसतं विचारू शकतं, त्यातून काही काढायचं नसताना, हे माझ्या धंद्यात बसत नव्हतं.

धंद्याचा एक नियम मात्र मी शेवटपर्यंत पाळला. बागवाल्याच्या कानावर पडेल अशी तारीफ करायची नाही. मनातलं बोलायचंच असेल तर सौदा झाल्यावर, जीपमध्ये, गाव मागे गेल्यावर. आणि तेव्हाही मी फारसा बोलायचो नाही. एकदाच आठवतं. पाचसहा वर्षांपूर्वी अकोल्याच्या बाजूला एक लिंबाची बाग घेतली. लिंबाला काटे, त्यामुळे तसली बाग पाहायला मला कधीच आवडलं नाही. पण बांधाच्या कोपऱ्यात एक झाड होतं, आडव्या फांद्यांचं, खालपर्यंत लगडलेलं. जीप वळली तरी मी मागे पाहत राहिलो आणि म्हणालो, "झाड म्हणावं तर असं." गफ्फारभाईंनीही मान वळवून मागे पाहिलं. मला पुढे त्याची आठवण राहिली नाही.

तीन वर्षांपूर्वी आम्ही धंदा थांबवला. माझे गुडघे गेले, त्यांची साखर वाढली. एका गावातल्या बागायतदारांनी मिळून आमचा निरोप समारंभ केला. त्यांना शाल दिली, मला नारळ. भाषण करणाऱ्यानं गफ्फारभाईंच्या गोड बोलण्यावर वीस मिनिटं घेतली आणि माझ्याबद्दल "सोबत वसंतशेठही असायचे" असं म्हटलं. सोबत! जणू मी जीपचा ड्रायव्हर. घरी आल्यावर मी तो नारळ इतक्या जोरानं फोडला की पाणी भिंतीवर गेलं. हा सल अजून आहे आणि मी तो लपवणार नाही.

तरी गफ्फारभाईंचा फोन रोज सकाळी आठला यायचा, धंदा बंद झाल्यावरही. चहा झाला का, गुडघा कसा आहे, बाजारात संत्रं काय म्हणतं. मी तक्रारी सांगायचो, ते ऐकायचे.

संक्रांतीनंतर एके दिवशी ते म्हणाले, "वसंतभाऊ, बाळापूरले या. एक चीज दाखवाची हाये."

अकोल्याला गाडी बदलून गेलो. गावाबाहेर त्यांचा अर्ध्या एकराचा तुकडा, तो मी पडीक म्हणून ओळखत होतो. आता तिथे लिंबाची साठ झाडं उभी होती, चार वर्षांची, पहिल्यांदाच फुलावर आलेली. चार वर्षं माणूस माझ्याशी रोज बोलला आणि हे सांगितलं नाही. बागेच्या तोंडाशी दोन खुर्च्या मांडल्या होत्या, थर्मासमध्ये चहा होता. ते स्वतः धुतलेला पांढरा सदरा घालून उभे होते, लग्नघरात उभे राहतात तसे.

"पाहा," एवढंच म्हणाले.

मी हात पाठीमागे बांधले आणि चालू लागलो. माझे पायच ते. दुसऱ्या ओळीत तोंड सुरू झालं.

"अंतर कमी ठेवलं तुमी. हे खोड पाहा, डिंक गळून राहिला, डिंक्या लागला. पानावर डाग, खैऱ्या रोग दिसून राहिला. फूल लय आलं, पन यातलं अर्धं गळते. आन् जमीन भारी, पानी धरते, मुळ्या सडतीन. कोनी सल्ला देल्ला तुमाले?"

शेवटच्या झाडापर्यंत मी एकही खोट सोडली नाही. परत आलो तेव्हा गफ्फारभाई खुर्चीजवळ तसेच उभे होते.

"चहा थंड होऊन राहिला, वसंतभाऊ."

त्यांच्या साध्या वाक्यातही नेहमी समोरच्यासाठी काहीतरी असायचं. या वाक्यात फक्त चहा होता. तो मी प्यालो आणि निघालो. अकोल्याच्या स्टँडवर गाडीची वाट पाहताना आठवलं, की माझ्या खुर्चीवर त्यांनी ती समारंभातली शाल अंथरली होती, मला लोखंड गार लागू नये म्हणून. मी तिच्यावर बसून चहा पिऊन आलो होतो.

दुसऱ्या दिवशी आठला फोन आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मीही केला नाही. का करू? खोटं काय बोललो होतो? डिंक्या होताच. खैऱ्या होताच. असाच महिना गेला, मग दोन, मग मोजणंही सोडून दिलं. मोजणं सोडलं असं म्हणतो खरं, पण आठ वाजले की हात आपोआप फोनकडे जायचा आणि मी चिडून वर्तमानपत्र उघडायचो.

शेवटी एका सकाळी माझी बायको, सुमन, हातातली कणीक तशीच ठेवून पुढ्यात येऊन बसली. मी तिला सगळं सांगितलं, डिंक्यासकट. माझी बाजू किती बरोबर आहे ते नीट पटवून दिलं. तिनं ऐकून घेतलं.

"तुमाले ते बाग इकत घ्याची व्हती काय?"

"नाही."

"मंग भाव काहून पाडून राहिले होते?"

मी वर्तमानपत्राची घडी घातली.

"त्या मानसानं तुमाले बाग विकाले नाही, दाखवाले बोलावलं होतं. मले पाहाले आले तवाबी तुमी पोहे खारट हायेत म्हणूनच सुरुवात केली होती."

"खारट होतेच."

"होते. पन मी काय पोहे विकाले बसली होती?"

ती उठून कणीक मळायला गेली. अठ्ठावीस वर्षांत हजारो झाडं पाहिली, पण न विकायचं झाड कसं पाहतात ते मला येतच नव्हतं.

आषाढात निघालो. गाडीत बसल्या बसल्या वाक्यं जुळवत होतो. 'बाग छान आहे.' मलाच खोटं वाटलं. 'झाडं सुरेख जमली आहेत.' हे तर भाषण करणाऱ्यासारखं. आणि अडचण अशी, की गफ्फारभाईंनी मला अठ्ठावीस वर्षं जवळून खोटं बोलताना पाहिलेलं. माझी साखर लावलेली गोष्ट त्यांच्यापुढे एक क्षण टिकली नसती. चांगलं बोलायचं आणि तेही खरं, असं काहीतरी माझ्याकडे हवं होतं. बाळापूर येईपर्यंत लक्षात आलं, की माझ्याकडे खरं असं एकच आहे, आणि ते मी कधीच कोणत्या बागवाल्याला दिलेलं नाही.

गफ्फारभाई त्याच खुर्चीवर बसले होते. मला पाहून उठले. "या," म्हणाले, आणि थांबले. दुसरी खुर्ची नव्हती.

मी बसलो नाहीच. सरळ बागेतल्या विहिरीजवळच्या, सगळ्यांत लगडलेल्या झाडाकडे गेलो. फांद्या आडव्या, खालपर्यंत हिरवी-पिवळी लिंबं. चक्कर मारली, झाडाचे चार भाग केले, एक भाग मोजला. खात्री वाटेना म्हणून दुसराही मोजला. आत हात घालून पानं बाजूला केली, दोन काटे मनगटात गेले. मग गफ्फारभाईंपुढे येऊन उभा राहिलो.

"एकशे ऐंशी."

त्यांनी भुवई उचलली. "ओठावरचा का पोटातला?"

"पोटातला."

ते माझ्या मनगटावरच्या रक्ताकडे पाहत होते. मग सावकाश म्हणाले, "पहिल्या बहाराले एकशे ऐंशी? वसंतभाऊ, नजर कमजोर झाली तुमची. उगी माझं मन राखू नका. अर्धं तर गळते ना?"

आता मात्र माझं डोकं फिरलं. "माझा अंदाज तुमी मले शिकवता काय? मी म्हणतो एकशे ऐंशी, म्हणजे एकशे ऐंशी! पहिल्या बहाराले असं लगडलेलं झाड मी कधी पाहिलं नाही. आन् ही ठेवण सांगाल, तर जन्मात असं एकच झाड पाहिलं, तेबी जीपमधून मागे वळून."

गफ्फारभाई हसायला लागले. आधी खांद्यांनी, मग आवाजानं, शेवटी डोळे पुसावे लागले.

"तेच हाये हे."

"काय?"

"त्याच झाडाचं बी हाये. दुसऱ्या दिवशी मी परत गेल्तो. मालकाले म्हटलं, या एका झाडाची लिंबं तोडनीत धरू नका, पिकली की मले द्या. बिया काढल्या, रोपं केली. सारी साठच्या साठ." मग हिंदीत आले. मनातलं बोलताना ते नेहमी हिंदीत येतात. "अठ्ठाईस साल में तुमने एक झाड को अच्छा बोला, वसंतभाऊ. मैंने सोचा, ये बात बेकार नहीं जानी चाहिए."

नजर चुकवायला खाली पाहिलं तर सगळ्या खोडांना खालून हातभर निळसर पांढरा लेप दिसला.

"तुमी डिंक्या म्हटलं ना," ते म्हणाले. "दुसऱ्याच दिवशी सालटं खरवडून मलम लावला. बात सही होती तुमची. झाडं वाचली. पन मले सांगा, पहिले तीच काहून?"

मी म्हणालो, "उपाशी होतो."

त्यांनी घराकडे हाक मारून दुसरी खुर्ची मागवली. ती आली तेव्हा तिच्यावर काही अंथरलेलं नव्हतं. आषाढातल्या उकाड्यात शालीची गरज नव्हतीच. तरी बसण्याआधी मी पाहिलं, हे कबूल करतो.

दुसऱ्या दिवसापासून आठचा फोन सुरू झाला. चौथ्या की पाचव्या सकाळी गफ्फारभाई म्हणाले, "विहिरीजवळचं झाड तोडलं. बसून मोजलं."

"एकशे ऐंशी."

"दोनशे वीस."

"नीट मोजलं का? किडकी, पडलेली सारी धरली असतीन."

"दो बार मोजलं. बीबीनं बी मोजलं." ते हसू दाबत होते. "म्हणजे पाहा, पोटातला आकडा सांगताना बी तुमचा हात आखडलाच. चाळीस लिंबांची तारीफ अजून राहिली, वसंतभाऊ. कवा येता?"

मी काहीतरी तिरसट बोललो असणार, आता आठवत नाही. फोन ठेवला आणि सुमनला विचारलं, अकोल्याची गाडी किती वाजता आहे.